सुताचा माग

दगडाची एक चकती. जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद, मध्ये भोक. शंखजिऱ्याचा मऊ दगड, एका अंगाला काजळी धरलेला. ती काजळी चुलीची किंवा दिव्याची. आधी या दगडाचं भांडं होतं, नाहीतर दिवा होता. तो फुटला. फुटका तुकडा फेकायला कुणाचं मन झालं नाही. घासून घासून त्याचा गोल केला, मध्ये भोक पाडलं, भोकात काडी बसवली आणि तिच्यावर लोकर कातली.

माझ्या आजीकडे टकळी होती. बारीक लोखंडी सळई, खाली पितळेची चकती, वर सूत अडकवायला आकडा. दुपारी माजघरात बसून ती पेळूतून धागा ओढायची, मांडीवर सळई फिरवून सोडून द्यायची, आणि चकती गरगरत खाली उतरायची. तोंड मात्र थांबायचं नाही. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या विहिरीला पाणी. सतत बोलणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, याची टकळी चालू झाली. हे कातण्याच्या साधनाचंच नाव बोलण्याला पडलं, कारण बायकांनी या दोन गोष्टी कधी वेगळ्या केल्याच नाहीत.

म्हणून ती दगडी चकती मी पहिल्यांदा चित्रात पाहिली तेव्हा मला आधी बोलणं ऐकू आलं. भाषा कळत नव्हती. सूर कळत होता.

ती सापडली कॅनडात, न्यूफाउंडलंड बेटाच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, लान्स ओ मेडोज नावाच्या जागी. अटलांटिक ओलांडून अमेरिका खंडाच्या बेटावर आलेल्या युरोपीय माणसांची घरं इथे होती, कोलंबसाच्या जवळजवळ पाचशे वर्षं आधी. १९६० साली हेल्गे इंग्स्टाड हा नॉर्वेजियन माणूस किनाऱ्यावरच्या गावागावांत विचारत हिंडत होता, की कुठे जुन्या घरांच्या खुणा आहेत का. जॉर्ज डेकर या कोळ्याने त्याला ओढ्याकाठच्या गवताळ उंचवट्यांपाशी नेलं. गावातली पोरं तिथे खेळायची. लोक म्हणायचे, हा जुन्या इंडियनांचा तळ. हेल्गेची बायको आन्ने स्तीने पुरातत्त्वज्ञ होती. पुढच्या वर्षापासून १९६८ पर्यंत तिने तिथली माती थराथराने उकलली. काजळी धरलेली ती चकती याच मातीतून वर आली, आणि कातणारी बाई इथे राहून गेली हे दाखवणारा धागा हाती लागला.

आठ इमारती होत्या. लाकडाचा सांगाडा, त्याभोवती गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटा रचलेल्या, छपरावरही तीच गवतमाती. आइसलंडमध्ये आणि ग्रीनलंडमध्ये अशीच घरं बांधत. तीन मोठी, लांब, बाकीची लहान. ओढ्यापलीकडे लोहाराची भट्टी. तिथल्या दलदलीत लोखंडाचं खनिज गाठीगाठींनी साचतं. ते भाजून, कोळशावर वितळवून त्यांनी लोखंड काढलं. भट्टी बहुधा एकदाच पेटली असावी. मिळालेल्या लोखंडाचे खिळे केले, आणि जहाजाचे मोडके, गंजके खिळे उपसून त्या जागी नवे मारले. जुने खिळे तिथेच पडून राहिले. म्हणजे हे गाव कमी आणि धक्का जास्त. जहाज ओढून वर घ्यायचं, डागडुजी करायची, हिवाळा काढायचा, पुन्हा पाण्यात लोटायचं. सत्तर ते नव्वद माणसं मावतील एवढी जागा.

उकिरडा मात्र लहान सापडला. आणि स्मशान सापडलंच नाही.

स्मशान नसलेल्या वस्तीचा विचार मी पुष्कळ केला आहे. जिथे आपलं माणूस मातीत ठेवलेलं नाही, ते गाव आपलं म्हणायचं कशावरून? चार-दोन हिवाळे असतील. फार फार तर थोडे अधिक. मग एका उन्हाळ्यात त्यांनी सामान भरलं. कामाची हत्यारं नेली, लोकर नेली, शिडं नेली. मागे राहिलं ते हरवलेलं: हाडाची एक सुई, अंगरखा खांद्यावर अडकवायचा काशाचा काटा, एक धार लावायचा दगड, आणि ही चकती. पीटच्या आंबट मातीने कापड खाल्लं, लोकर खाल्ली. चकतीवरचं सूत गेलं. भोक तेवढं उरलं.

आणि तीन अक्रोड उरले. अक्रोडाच्याच कुळातलं ते फळ, पण त्याचं झाड न्यूफाउंडलंडमध्ये उगवत नाही. ते दक्षिणेला, सेंट लॉरेन्सच्या आखाताच्या खालच्या काठाकडे उगवतं, जिथे रानद्राक्षंही होतात. म्हणजे ती माणसं आणखी खाली जाऊन आली होती. कुणीतरी खिशात, थैलीत ती फळं घेऊन आलं. फोडून खायची राहिली.

त्यांनी झाडं तोडली ते सालसुद्धा आता ठाऊक आहे. इ. स. ९९३ मध्ये सूर्याकडून किरणांचं मोठं वादळ पृथ्वीवर आलं आणि जगभरच्या झाडांनी त्या वर्षाच्या वलयात त्याची नोंद ठेवली. लान्स ओ मेडोजला सापडलेल्या लाकडाच्या तीन तुकड्यांत, तीन वेगवेगळ्या झाडांच्या, ते वलय शोधून तिथून सालीपर्यंत मोजलं तर अठ्ठावीस भरतात. १०२१. लाकडावरचे घाव धातूच्या पात्याचे, स्वच्छ. हे संशोधन जाहीर झालं २०२१ मध्ये, घाव घातल्याला बरोबर हजार वर्षं होताना. ते तुकडे कशाचेच भाग नव्हते. छाटून बाजूला टाकलेली ढलपी होती ती. राजांच्या सनदा जळाल्या, वाळवीने खाल्ल्या, आणि एका अनाम सुताराने टाकून दिलेल्या ढलपीवर साल कोरलेलं राहिलं.

ती जहाजं वाऱ्यावर आली असं आपण म्हणतो. वारा अडवायला शीड लागतं, आणि त्यांची शिडं लोकरीची होती. मेंढीची लोकर उपटायची, विंचरायची, कातायची, उभ्या मागावर विणायची, चरबी लावून दाट करायची. एका मोठ्या शिडामागे एकाच बाईने हे सगळं करायचं ठरवलं तर तिची कित्येक वर्षं जातील. अटलांटिक आधी टकळीवर कातला गेला आणि मग ओलांडला गेला. लेइफ एरिक्सनचं नाव शाळेतल्या पोरांना पाठ असतं. त्याच्या शिडाचं सूत कुणाकुणाच्या मांडीवर उतरलं, त्या बायकांचं नाव कुणी लिहिलं नाही. मला याचं दुःख होतं, आणि ते मी लपवत नाही.

आइसलंडमध्ये तेराव्या शतकात लिहिलेल्या दोन सागांत या सफरींची कथा आहे. सागा म्हणजे घराण्याची गद्य बखर. खरं किती, वाढवलेलं किती, हे निवडायला अवघड. त्यातल्या एकीत लेइफचा भाऊ थोरवाल्ड किनाऱ्यावर उतरतो. वाळूत कातड्याच्या तीन होड्या पालथ्या पडलेल्या आहेत. प्रत्येकीखाली तीन माणसं. थोरवाल्डचे लोक आठांना धरतात आणि मारून टाकतात. नववा होडी घेऊन निसटतो. पुढे सूड म्हणून आलेल्या बाणांपैकी एक थोरवाल्डच्या काखेत लागतो, आणि तो मरतो.

दोन्ही जगांतल्या माणसांची पहिली भेट लिहिली गेली ती अशी. आणि ज्यांनी मारलं त्यांच्याच वारसांनी ती लिहून ठेवली, लपवली नाही. हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या सागेत कापड येतं. थोरफिन कार्ल्सेफ्नीच्या तळावर स्थानिक लोक कातडी घेऊन येतात आणि त्यांना सगळ्यांत जास्त हवं असतं लाल कापड. राखी केसाळ कातड्याच्या बदल्यात वीतभर लाल पट्टी. ती ते डोक्याला गुंडाळतात. कापड संपत येतं तसे उत्तरेकडचे लोक पट्ट्या अरुंद कापू लागतात, शेवटी बोटभर रुंदीच्या. आणि समोरचे तेवढ्यालाच तेवढंच कातडं देत राहतात. सागा लिहिणाऱ्याला यात समोरच्यांचा भोळेपणा दिसला असावा. मला वेगळं दिसतं. लाल रंग त्यांना पूज्य असेल, दुर्मीळ असेल, डोळ्यांना हवासा असेल. बोटभर का होईना, तो मिळणं हेच मोल असेल. मग रानातून बैल हंबरत सुटतो, लोक घाबरून पळतात, आणि तीन आठवड्यांनी परत येतात ते लढायला. आपल्याकडे दोन माणसांचं पटलं की म्हणतात, सूत जुळलं. त्या किनाऱ्यावर कापड होतं, घेणारे होते, देणारे होते, आणि सूत जुळलं नाही.

‘अमेरिकेतली सर्वांत जुनी युरोपीय वस्ती’ असं आपण म्हणतो तेव्हा ‘जुनी’ या शब्दाला मी जरा अडखळते. त्याच ओढ्याकाठी या उत्तरेकडच्या, म्हणजे नॉर्स, लोकांच्या हजारो वर्षं आधी माणसांनी चुली पेटवल्या होत्या, आणि ते निघून गेल्यावरही पेटवल्या. न्यूफाउंडलंडच्या बेओथुक लोकांतली शेवटची माहीत असलेली बाई, शानाडिथिट, १८२९ मध्ये सेंट जॉन्सला क्षयाने गेली. जाण्याआधी तिने कागदावर आपल्या माणसांची घरं, होड्या, भाले, वाळवणं काढून दाखवली. ज्यांनी तिला पेन्सिल दिली त्यांच्याच लोकांनी तिचं जग संपवलं होतं. गावातल्या लोकांनी त्या गवताळ उंचवट्यांना ‘इंडियनांचा तळ’ म्हटलं, ती चूक होती; पण त्या किनाऱ्याचे जुने मालक कोण याची आठवण त्या चुकीत शिल्लक होती असं मला वाटतं.

लान्स ओ मेडोजहून निघालेली माणसं गेली ती ग्रीनलंडला. ग्रीनलंडही उत्तर अमेरिका खंडाचाच भाग. त्यामुळे खरं जुनं घर तेच. ९८५ च्या आसपास लाल एरिक आइसलंडहून पंचवीस जहाजं घेऊन निघाला आणि चौदा पोचली, असं सांगतात. बाकीची बुडाली किंवा परत फिरली. पोचलेल्यांनी खाडीच्या आतल्या हिरव्या काठांवर शेतं वसवली, गाई-मेंढ्या पाळल्या, वॉलरसचे सुळे युरोपात विकले, चर्चं बांधली, बिशप मागवला. आणि जवळजवळ साडेचारशे वर्षं राहिले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतलं सर्वांत जुनं युरोपीय गाव म्हणून फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन दाखवतात. ते १५६५ चं. म्हणजे त्या गावाचं आजवरचं जितकं वय, तितकंच आयुष्य ग्रीनलंडच्या नॉर्स लोकांना लाभलं आणि संपलं.

तिथे स्मशानं आहेत.

ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळ हेर्योल्फ्सनेस. समुद्र तिथलं चर्चचं आवार खात चालला होता म्हणून १९२१ मध्ये पोल नोर्लुंड या डॅनिश पुरातत्त्वज्ञाने ते खोदलं. लाकूड दुर्मीळ, त्यामुळे पुष्कळांना पेटी मिळाली नव्हती. जुन्या कपड्यांत गुंडाळून ठेवलं होतं. जमीन गोठली आणि कपडे राहिले. हाडं बहुतेक विरघळली, कापड राहिलं. घेरदार अंगरखे, मोजे, खांद्यापर्यंत उतरणारी टोपरी, आपल्या कुंचीसारखी, काहींना मागे लांब शेपूट. लहान मुलांचे कपडेही. शिवण बारीक. ठिगळं आहेत, आणि ठिगळांवर ठिगळं. कापडातून झुडपांची मुळं आरपार गेलेली, म्हणजे पुरलं तेव्हा माती मऊ होती, मुळांना वाट देत होती, आणि मग थंडी वाढत गेली नि मातीचा दगड झाला. ते कपडे आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. चौदाव्या शतकातल्या साध्या शेतकऱ्याचा रोजचा अंगरखा युरोपात फारसा कुठे उरलेला नाही. राजाराण्यांची वस्त्रं उरतात, कुणब्याची उरत नाहीत. ती झिजेपर्यंत घालतात, मग चिंध्या होतात, मग पोतेरं. इथे उरली, कारण घालणारे गोठले.

त्या कापडाचा पोतही बोलतो. आइसलंडच्या लोकरी कापडात उभे धागे दाट असत. ग्रीनलंडच्या बायका हळूहळू आडवे धागे वाढवत गेल्या, उभ्यांपेक्षा जास्त, ठासून बसवत गेल्या, कारण असं कापड जाड होतं, ऊब धरतं. कुठल्या आदेशाने हे झालं नाही. हिवाळे लांबत गेले आणि आईने लेकीला, सासूने सुनेला सांगितलं असेल, अजून दोन घाल, घट्ट ठोक. हवामान बदलल्याचं गाऱ्हाणं त्यांनी कागदावर लिहिलं नाही, मागावर लिहिलं. ग्रीनलंडमध्ये नॉर्स लोकांच्या दोन वस्त्या होत्या, पूर्व आणि पश्चिम. १९९० मध्ये पश्चिम वस्तीच्या भागात दोन शिकाऱ्यांना नदीच्या वाळूतून बाहेर आलेलं लाकूड दिसलं. खाली अख्खं शेतघर निघालं आणि त्यात माग ठेवायची खोली. वजनं, मागाची लाकडं, कापडाचे तुकडे. माग असलेली खोली म्हणजे घरातली सगळ्यांत बोलकी खोली. तिच्यात शतकानुशतकं वाळू भरून राहिली.

हेर्योल्फ्सनेसच्याच एका पेटीत प्रेत नव्हतं. रिकाम्या पेटीत लाकडाची एक लहान काठी होती आणि तिच्यावर रुन लिपीत कोरलं होतं, की गुडवेग नावाच्या बाईला ग्रीनलंडच्या समुद्रात जहाजावरून सोडलं. ती वाटेत गेली. देह मातीपर्यंत आणता आला नाही. घरच्यांनी तिच्या जागी तिचं नाव आणलं, त्याला पेटी दिली, खड्डा दिला, तिच्या माणसांच्या रांगेत जागा दिली. जिथे जिवंतांना लाकूड पुरत नव्हतं तिथे नावासाठी पेटी केली. ही काठी मला त्या सबंध वसाहतीहून मोठी वाटते. आपल्याकडेही परदेशी गेलेल्याचा देह हाती लागला नाही तर दर्भाची प्रतिमा करून संस्कार करतात. हाताला काहीतरी लागतं, निरोप द्यायला.

चौदाव्या शतकाच्या मध्यावर इवार बार्डार्सन हा पाद्री पश्चिम वस्तीत गेला, आणि त्याचा वृत्तांत असा की माणूस एकही नव्हतं. गाई, मेंढ्या, शेळ्या मोकाट चरत होत्या. हे वाचताना मला गुरं दिसतात. संध्याकाळ झाली की दारापाशी येऊन उभी राहणारी, आणि दार कुणी न उघडलेली.

पूर्व वस्ती आणखी काही दशकं तगली. तिथून आलेली शेवटची लेखी बातमी एका लग्नाची आहे. सप्टेंबर १४०८, ह्वाल्सेयचं दगडी चर्च, सिग्रिड ब्योर्न्सडात्तर आणि थोरस्टाइन ओलाफसन. लग्न रीतसर झालं, पाहुणे होते, आधी चर्चमध्ये जाहीर पुकारा झाला होता. नवराबायको पुढे आइसलंडला गेली, आणि तिथे लग्न खरंच झालं हे सिद्ध करण्यासाठी साक्षी नोंदवल्या गेल्या, म्हणून आपल्याला ते ठाऊक. त्यानंतर ग्रीनलंडचं अक्षर नाही. का संपले यावर पुष्कळ लिहिलं गेलंय: थंडी, सुळ्यांचा व्यापार मंदावणं, जहाजं न येणं, इनुइट लोकांशी कधी तंटा, कधी दुरावा, तरुणांचं निघून जाणं. बहुधा सगळंच थोडं थोडं. १७२१ मध्ये हान्स एगेडे हा पाद्री हरवलेल्या धर्मबंधूंना शोधायला आला. त्याला इनुइट भेटले, जे त्या थंडीत राहायचं कसं ते जाणून होते आणि राहिले. ह्वाल्सेयच्या भिंती अजून उभ्या आहेत. छप्पर नाही, खिडकीतून खाडी दिसते.

दक्षिणेला, उन्हाच्या समुद्रात, सगळं फार लवकर झालं. तिथे मला जास्त थांबवत नाही. पण सूत तिथेही आहे, म्हणून जावं लागतं.

१२ ऑक्टोबर १४९२. कोलंबसाच्या रोजनिशीत आहे की बेटावरचे लोक पोहत होड्यांपर्यंत आले आणि त्यांनी पोपट आणले, भाले आणले, आणि कातलेल्या कापसाच्या सुताचे गुंडे आणले. पहिल्या दिवशीची पहिली भेट: सूत. तिथल्या तायनो लोकांच्या बायकांनी कातलेलं. नाताळात सांता मारिया हे जहाज वाळूत रुतलं, त्याच्याच लाकडाची गढी करून एकोणचाळीस माणसं मागे ठेवली, ला नाविदाद नाव दिलं; वर्षभरात एकही जिवंत नव्हतं. जानेवारी १४९४ मध्ये सतरा जहाजांतून आलेल्या बाराशेहून जास्त पुरुषांनी आजच्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर किनाऱ्यावर ला इसाबेला वसवली. पुरुष, जवळजवळ सगळे पुरुषच. रोग आला, भूक आली. सोनं मिळेना तेव्हा युरोपातून आणलेल्या शिशाच्या खनिजातूनच चांदी काढायची धडपड त्यांनी भट्टीत केली. तिचं कीट सापडलं आहे. चार-पाच वर्षांत गाव ओसाड.

आणि १४९५ पासून तायनोंवर खंडणी बसली. चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायातलं घुंगरू भरेल एवढं सोनं द्यायचं. सोनं नसलेल्या भागात प्रत्येकी पंचवीस पौंड कापूस. भरणा केल्याची खूण गळ्यात अडकवायची. तीन वर्षांपूर्वी जे सूत त्यांनी आपणहून पाण्यातून आणून हातात ठेवलं होतं, तेच आता मोजून, वजन करून, न दिल्यास जीव घेऊन मागितलं जात होतं.

लास कासास या स्पॅनिश पाद्र्याने इसाबेलाची एक आख्यायिका लिहून ठेवली आहे. ओसाड झालेल्या गावात गेलेल्या दोघांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभे उमराव दिसले, तलवारी लटकवलेले, उत्तम कपड्यांतले. यांनी नमस्कार केला. त्यांनी उत्तरादाखल टोप्या काढल्या, आणि टोप्यांबरोबर मुंडकी हातात आली. लोक तिकडे फिरकेनासे झाले. पुढे हुकूमशहा त्रुहियोच्या काळात जागा साफ करा असा हुकूम सुटला आणि उरलेले चौथरे समुद्रात लोटले गेले, असं सांगतात.

तायनो अर्धशतकात इतके कमी झाले की ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने पाचशे तरी उरले असतील का असं लिहिलं. त्यांचं रक्त त्या बेटांवरच्या कित्येकांत अजून आहे, आणि स्वतःला तायनो म्हणवणारी माणसंही आहेत. भाषा मात्र बोलली जात नाही. आणि तरी त्या भाषेतला ‘बटाटा’ माझ्या जिभेवर आहे. त्यांच्याकडे तो शब्द रताळ्याचा होता. पोर्तुगिजांच्या जहाजांतून तो गोव्याला उतरला, कोकणात आला, घाटावर चढला, आणि आता आषाढी एकादशीला खिचडीत घालायचे किती, असं जाऊ सुनेला विचारते. पपईचा शब्द त्या बेटांकडचाच. तंबाखूचाही, असं मानतात. सकाळी मी बटाटे सोलते तेव्हा कधीकधी हात थांबतो. ज्यांच्या तोंडातून हा शब्द पहिल्यांदा निघाला त्या बायकांना माझं नाव कधी कळणार नव्हतं, मला त्यांची नावं कळणार नाहीत. शब्द आला, म्हणणारी गेली.

एक गोष्ट मी मघाशी सांगितली नाही, ती आता सांगते. ती पहिल्या सागेतली आहे, थोरवाल्ड मेला तिच्यातली.

कार्ल्सेफ्नीची बायको गुद्रिद. तिला विनलंडमध्ये, सागांत त्या नव्या किनाऱ्याचं हे नाव, मुलगा झाला, स्नोरी. ग्रीनलंडपलीकडच्या अमेरिकेत जन्मल्याची नोंद असलेलं पहिलं युरोपीय मूल. पुढल्या हिवाळ्यात एके दिवशी बाहेर देवघेव चालली होती. गुद्रिद आत, दाराशी, पाळण्याजवळ बसली होती. दारात सावली पडली आणि एक बाई आत आली. काळा, अंगाशी घट्ट अंगरखा, केसांवर पट्टी, केस पिंगट, रंग फिका, डोळे फार मोठे. तिने विचारलं, तुझं नाव काय? ही म्हणाली, गुद्रिद, तुझं काय? ती म्हणाली, गुद्रिद. हिने हात पुढे करून खूण केली, बस इथे, माझ्याजवळ. तेवढ्यात बाहेर मोठा आवाज झाला. हत्यारं उचलू पाहणाऱ्या एका स्थानिक माणसाला कार्ल्सेफ्नीच्या माणसाने मारलं होतं. बाई नाहीशी झाली. आणि सागा सांगते, तिला गुद्रिदशिवाय कुणीच पाहिलं नव्हतं.

पंडित म्हणतात भूत असेल, भास असेल. असेल. मला साधं वाटतं. परक्या भाषेतला शब्द कानावर पडला की माणूस आधी तो तसाच म्हणून बघतो. तिने पाळणा पाहिला, बाळ पाहिलं, समोरची बाई छातीला हात लावून काहीतरी म्हणाली, आणि तिने तेच परत म्हटलं. गुद्रिद. लेकरं अशीच बोलायला शिकतात. आणखी थोडा वेळ मिळता तर दुसरा शब्द आला असता, मग तिसरा.

कुणीच पाहिलं नव्हतं, तर हे आपल्यापर्यंत आलं कसं? गुद्रिदने सांगितलं म्हणूनच. ती ग्रीनलंडला परतली, मग आइसलंडला, ग्लाउम्बेरच्या शेतावर. मुलाचं लग्न झाल्यावर ती दक्षिणेला गेली असं सागा म्हणते, रोमपर्यंत असं मानतात, आणि परत येऊन जोगीण होऊन राहिली. तिच्या वंशात बिशप झाले. तोवर तिने ही गोष्ट कितीदा सांगितली असेल. हिवाळ्याच्या लांब रात्री, मेणबत्ती वाचवत, लोकर विंचरताना, टकळी फिरवताना, सुनांना, नातींना. नातींनी आपल्या नातींना. दोनशे वर्षं ती गोष्ट एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर उतरत आली, आणि मग कुणीतरी वासराच्या कातड्यावर शाईने लिहून ठेवली.

पलीकडच्या बाईनेही आपल्या माणसांना सांगितलं असेल. एक पांढरी बाई होती, तिच्याजवळ पाळणा होता, तिने मला नाव सांगितलं. तिची भाषा, तिची आग, तिच्या नाती, त्यांनी ते कितीदा ऐकलं, कुठवर नेलं, कुठे तुटलं, याची नोंद कशावरच नाही. ओढ्याकाठी आता नुसते गवताचे उंचवटे आहेत. मी त्या लांब घराचं चित्र पाहते तेव्हा भिंती, चूल, भट्टी सगळं सोडून नजर दाराच्या आत जाते, पाळण्याशेजारी, गुद्रिदने हाताने दाखवलेल्या त्या जागेवर.